शिंपल्यांना ताण

वत्सलाच्या बापाचं सगळं तत्त्वज्ञान संत्र्याच्या बगिच्यात तयार झालं होतं. बापाचं नाव मोतीराम. तिगावात रघुनाथरावांच्या बगिच्यात त्याने उभी हयात काढली. बगिचा दुसऱ्याचा होता, पण कोणतं झाड लाडावलेलं आहे आणि कोणतं कामचुकार, हे मालकापेक्षा त्यालाच ठाऊक असायचं. तिकडे हिवाळा लागला की झाडांचं पाणी बंद करतात. पानं मलूल होतात, कडा वळतात, आणि नवख्याला वाटतं की झाड आता जातंय. याला ताण देणं म्हणतात. मग नेमक्या वेळी पाणी सोडलं, म्हणजे ताण तोडला, की तेच झाड अंगभर फुलतं. ज्याला ताण बसला नाही ते नुसता पाला काढत बसतं आणि फुलाच्या नावाने ठणठणपाळ.

हा नियम मोतीरामने पुढे सगळ्या जगाला लावून टाकला होता. कोणाचा मुलगा अभ्यास करत नाही, ताण द्या. कोणाचा जावई माजला आहे, ताण द्या. त्याची बायको लीलाबाई म्हणायची की मला लग्नापासून ताणावरच ठेवलंय, बहार कधी येतो ते बघतेय. तो हसायचा, पण मत काही बदलायचा नाही.

वत्सला त्याची एकुलती एक. विहाराजवळच्या दोन खोल्यांच्या घरातून शिकत शिकत ती नागपूरला प्राणिशास्त्रात एम. एस्सी. झाली आणि सौंसरला मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागली. एवढ्यावर थांबली असती तर गाव खूष होतं. पण तिला पीएच.डी.ने पछाडलं, आणि तीही कशावर, तर शिंपल्यांवर. लोधीखेड्याकडे कन्हान नदीच्या वाळूत हरभऱ्याएवढे, फार तर सुपारीएवढे पिवळट शिंपले सापडतात. पोरं ते खेळायला नेतात, बगळे खातात, बाकी कोणी त्यांना विचारत नाही. तिगावच्या बायकांनी लीलाबाईला विचारलं, तुमची पोरगी वाळूत काय शोधून राहिली? लीलाबाईने सांगितलं की सोनं. नाहीतर कोणी विश्वास ठेवला नसता.

वत्सलाला मात्र त्यात खरोखरच सोनं दिसत होतं. या शिंपल्यांचे भाऊबंद कधीतरी आशियातून अमेरिकेत पोचले होते आणि आता तिथे त्यांनी उच्छाद मांडला होता. वीजकेंद्रांच्या नळ्या तुंबत होत्या, नदीतले मूळचे शिंपले हटत होते. गंमत ही की ही जात मूळची उबदार पाण्याची. पाणी गोठायला आलं की ती मरते. मग बर्फ पडणाऱ्या मुलखात ती टिकते कशी आणि वाढते कशी? तिकडच्या लोकांनी थोडंफार शोधलं होतं. वीजकेंद्रातून जिथे कोमट पाणी नदीत पडतं, तिथे हे शिंपले थंडी काढतात. एकाच शिंपल्यात नर-मादी दोन्ही असतात, त्यामुळे जोडीदार भेटला नाही तरी अडत नाही. अंडी पाण्यावर सोडून न देता आपल्याच कल्ल्यांत सांभाळतात, आणि पाण्याला ऊब आली की तयार पिलं बाहेर सोडतात. म्हणजे चुकून एकच शिंपला नव्या नदीत पडला, तरी त्याचं गाव वसू शकतं.

आपल्या कन्हानचा शिंपला असंच करतो का, हे कोणी पाहिलं नव्हतं. ते वत्सलाला दाखवायचं होतं. उन्हाळ्यात तिने अगदी बारीक, अजून वयात न आलेले शिंपले वेचले, एकेक वेगळ्या काचेच्या बरणीत वाळूवर ठेवला आणि पावसाळाभर पोसला. कोणाचा कोणाशी संबंध नाही. आता त्यांना हिवाळाभर कडक थंडी द्यायची, मग ऊब द्यायची, आणि एकट्याने वाढलेला शिंपला पिलं देतो का ते पाहायचं. वेळ मात्र थोडा होता. नागपूरचे तिचे मार्गदर्शक सर मार्चमध्ये निवृत्त होणार होते. त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं की जानेवारी संपेपर्यंत काही हाती लागलं तर ठीक, नाहीतर विषय विद्यापीठातल्या दुसऱ्या विद्यार्थ्याकडे जाईल. त्याच्याकडे निदान प्रयोगशाळा आहे. शाळेत सहा तास शिकवून बरण्या सांभाळणाऱ्या बाईवर कोण किती दिवस भरवसा ठेवणार?

कडक थंडी आणि ऊब एकाच ठिकाणी मिळेल अशी जागा अख्ख्या तालुक्यात एकच होती, ती म्हणजे पांढुर्ण्याच्या तिगावकडच्या अंगाला असलेली नत्थूजींची बर्फाची फॅक्टरी. बर्फाच्या कोठीबाहेर एक अरुंद खोली होती, तिथे दात वाजायचे पण पाणी गोठत नसे. आणि मागच्या अंगाला, मशीनच्या नळ्यांवरून उतरलेलं कोमट पाणी एका हौदात साठायचं. हिवाळ्यात बर्फाला कोण विचारतो? फॅक्टरी दुधाच्या केंद्रापुरती चालायची. नत्थूजींनी जागा फुकट दिली. अट एकच, गिऱ्हाइकांना सांगायचं नाही, नाहीतर ते म्हणतील की बर्फात शिंपले निघतात.

वत्सला सौंसरला, बरण्या पांढुर्ण्याला. रविवारी ती बसने यायची. बाकीचे दिवस बघायला मोतीराम. रोज सकाळी तो सायकलवरून यायचा, कानाला गमछा बांधून त्या थंड खोलीत शिरायचा आणि पोरीने शिकवल्याप्रमाणे पाणी बदलायचा. बगिच्यात आता त्याला फार काम नव्हतं, डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, आणि पोरीच्या इतक्या मोठ्या कामात आपला हात लागतोय याचा त्याला केवढा अभिमान वाटत होता! भेटेल त्याला तो सांगायचा की आमच्या वत्सूचे शिंपले मी पाहतो.

पण डिसेंबर सरत आला तशी त्याला काळजी लागली. शिंपले मिटून बसले होते. हलेनात, तोंड उघडेनात. वत्सलाने सांगितलं होतं की थंडीत ते असेच राहतील. पण सांगितलेलं ऐकणं वेगळं आणि रोज डोळ्यांनी पाहणं वेगळं. शिवाय जानेवारीची अट त्याला ठाऊक होती. पोरगी रविवारी येते तेव्हा जेवत नाही, हेही तो पाहत होता. इकडे बगिचा ताणावर सोडलेला, आणि तिकडे हे शिंपले भर थंडीत गळ्यापर्यंत पाण्यात. ही कुठली रीत? पाण्यात लोळणाऱ्याला बहार कसा यायचा? त्याने बराच विचार केला, आणि एका सोमवारी सगळ्या बरण्यांतलं पाणी ओतून टाकलं. वाळू तेवढी ओलसर ठेवली, कारण झाडालाही मुळाशी थोडी ओल लागते. आठवडाभर तो रोज येऊन, गमछा नाकावर ओढून, अंधुक डोळ्यांनी नुसता वाकून बघून जाई. पोरीला रविवारी सांगायचं आणि तिचा चेहरा खुललेला बघायचा, असा त्याचा बेत होता.

रविवारी वत्सलाने खोलीचं दार उघडलं आणि आधी वास आला.

मेलेल्या शिंपल्याचा वास ज्याने घेतला आहे त्याला वेगळं सांगायला नको. तिने एकेक बरणी उजेडात नेली. बहुतेकांची कवचं उघडी पडली होती, आत काळपट चोथा. उन्हाळ्यापासून चमच्याने वेचलेले, पावसाळाभर पोसलेले जीव. पुन्हा करायचं म्हटलं तर पुन्हा उन्हाळा यायला हवा. मोतीराम मागेच उभा होता. आधी त्याला काही कळलं नाही. तो सांगत होता की ताण दिला आहे, आता पाणी सोडलं की बघ. मग त्याला तिचा चेहरा दिसला.

वत्सला ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हलक्या आवाजात म्हणाली, "बाबा, हे संत्र्याचं झाड नाई. तुमाले कायीच समजत नाई, अन् समजत नाई तं हात काहून लावता? उद्यापासून येऊ नका. माह्या बरणीले हात लावू नका. मी एकटी पाहीन."

मोतीरामने कानाचा गमछा सोडला, पुन्हा बांधला, आणि सायकल हातात धरून पायीच निघून गेला. नत्थूजी हिशेब करत असल्याचं सोंग घेऊन सगळं ऐकत होते.

रागाच्या भरात माणूस बोलून जातो आणि मग ते बोललेलं त्याच्यामागे फिरत राहतं. वत्सलाने मेलेले शिंपले उचलून फेकले. चार तेवढे घट्ट मिटलेले निघाले. नखाने हलवून पाहिलं तर कवच आतून ओढून धरलं होतं, म्हणजे जिवंत. तिने त्यांना पाणी दिलं आणि थंडी पुरे झाली असं ठरवून त्यांच्या बरण्या मागच्या हौदातल्या कोमट पाण्यात गळ्यापर्यंत बुडवून ठेवल्या. बरणीतलं पाणी बरणीत, हौदाची फक्त ऊब. परतीच्या बसमध्ये तिच्या डोक्यात आलं की आठवडाभर पाण्याबाहेर राहून हे चार तगले कसे? बोटीच्या तळाशी, वाळूच्या ट्रकमध्ये असेच तगून तर हे देशोदेशी गेले नसतील? विचार मोलाचा होता. पण तो सुचला याचाही तिला राग आला, कारण तो सांगायला बापाशिवाय दुसरं माणूस आठवेना.

बरण्या बघायला आता लीलाबाई जाऊ लागली. ती तिगावाहून चालत जायची, पाणी बदलायची आणि येताना नत्थूजींना दोन शब्द सुनावून यायची, का ते नत्थूजींनाही कळायचं नाही. पुढच्या रविवारी तिने लेकीला वाढता वाढता सांगितलं की बाप जेवतो, झोपतो, कामाला जातो, फक्त बोलत नाही. घरात इतकी शांतता तिने जन्मात पाहिली नव्हती आणि तिला ती आवडली नाही. वत्सलाने मान खाली घालून भाकरी संपवली. माफी मागायचं तिच्या जिभेवर होतं. पण मोतीराम बगिच्यातून यायच्या आतच तिची बस होती, किंवा ती तसं स्वतःला सांगत होती.

जानेवारीच्या मध्यावर लीलाबाई तापाने पडली, आणि त्याच आठवड्यात वीज गेली. वादळी वाऱ्याने खांब पडले, मागून गारठा आला. पांढुर्ण्यापासून सौंसरपर्यंत अंधार. वत्सलाला शाळेत पहिल्यांदा सुचलं ते हौदाचं. वीज नाही म्हणजे मशीन बंद. मशीन बंद म्हणजे कोमट पाणी नाही. कल्ल्यांत अंडी धरली असतील तर या घडीला हौद गार पडणं म्हणजे सगळ्यावर पाणी फिरणं. रस्त्यावर झाडं पडल्याने बसही बंद होती. फोनवर नत्थूजी लागेनात. तीन दिवस ती वर्गात पोरींना पाठ शिकवत राहिली आणि तिला स्वतःचं एक अक्षरही ऐकू येत नव्हतं. मनाने तिने विषय सोडूनच दिला होता. सरांना काय सांगायचं त्याची वाक्यं तयार होती.

पहिली बस सुटली तशी ती निघाली. फॅक्टरीचं फाटक उघडंच होतं, मशीन अजून थंड. ती धावत मागे गेली, बाह्या सारून हौदात हात घातला, आणि हात तसाच राहिला.

पाणी कोमट होतं.

हौदाच्या कडेला तीन दगडांची चूल मांडलेली होती, त्यावर पाणी तापवायचं मोठं पितळी गुंड, शेजारी संत्र्याच्या वाळक्या फांद्यांचा भारा. हौदावर झाकायची जुनी पोती बाजूला रचलेली. नत्थूजी तिच्या मागे येऊन उभे राहिले आणि सांगू लागले. लाईन गेली त्याच दिवशी दुपारी मोतीराम आला होता. फाटकाबाहेर उभा राहून त्याने एवढंच विचारलं की मशीन बंद असली तर हौदाचं काय होते. गार पडते म्हटल्यावर तो सायकलवरून फांद्या घेऊन आला. तेव्हापासून चूल विझली नव्हती. गुंड तापवायचं, हौदात ओतायचं, आणि लहान लेकराच्या अंघोळीचं पाणी पाहतात तसं कोपर बुडवून पाहायचं. नत्थूजींनी त्याला सुचवलं होतं की आलाच आहेस तर बरण्यांतलं पाणीही बदलून टाक. तर म्हणाला, नाही, पोरीनं मना केलं आहे.

"तीन दिस इथंच होता," नत्थूजी म्हणाले. "बरणीले बोट नाई लावलं. मी बदललं पानी. तुही बस येऊन राह्यली समजलं, तवा गेला."

वत्सला पोत्यावर बसली आणि रडली. नत्थूजींना बायकांच्या रडण्याचा सराव नव्हता; ते चुलीत उगाच एक फांदी सारून निघून गेले.

मग तिने डोळे पुसले, कारण काम तर होतंच. पहिल्या बरणीतला शिंपला मेला होता. दुसऱ्यातला जिवंत, पण वाळू स्वच्छ. तिसरी बरणी तिने उचलली, तळाची चिमूटभर वाळू बशीत घेतली, वर पाणी घातलं आणि भिंग धरलं. वाळूच्या कणांमध्ये काही कण वेगळे दिसले. पारदर्शक, रव्याच्या बारीक कणासारखे, एका बाजूने सरळ आणि दुसरीकडून गोल. त्यातल्या एका कणाने इवलासा पाय बाहेर काढला आणि वाळू ढकलली. मग दुसऱ्याने. मग बशीभर हालचाल सुरू झाली. चौथ्या बरणीतही तेच. बरणीत आल्यापासून ज्यांनी दुसरा शिंपला पाहिला नव्हता, ज्यांनी थंडी सोसली, पाण्यावाचून आठवडा काढला, त्यांनी एकेकट्याने गावं वसवली होती.

सरांकडे न्यायचं ते हेच होतं. उद्या सकाळच्या पॅसेंजरने नागपूर गाठता आलं असतं, आणि ती गाठणारही होती. पण आत्ता तिने बशीवर ओलं फडकं घातलं आणि पायी तिगावची वाट धरली.

रघुनाथरावांच्या बगिच्यात त्या दिवशी ताण तोडला होता. विहिरीवरच्या डिझेल इंजिनाने पाटातून पाणी सुटलं होतं आणि मोतीराम अनवाणी, फावड्याने एकेका झाडाच्या आळ्यात ते वळवत होता. तीन दिवसांच्या धुराने त्याचे डोळे लाल झाले होते. लेकीला पाहून तो थांबला. तिने बशी पुढे केली. त्याने बशी डोळ्यांजवळ नेली, लांब नेली, उजेडात तिरपी केली.

"दिसून नाई राह्यलं मले," तो म्हणाला. "हायेत?"

"हायेत, बाबा. लय हायेत."

त्याने बशी दोन्ही हातांनी धरली, आणि त्याच्या तोंडावर जे पसरलं ते पाहून वत्सलाला पुन्हा रडू येईल असं वाटलं. मग त्याने भीत भीत विचारलं की ताणाने झालं का. ती खोटं बोलू शकली असती आणि तो आयुष्यभर त्यावर जगला असता. पण ती म्हणाली की नाही, ताणाने मेले. ऊब मिळाली म्हणून झाले. जे तगले ते कसे तगले, हे मात्र आता पुढे शोधायचं आहे, आणि ते तुमच्यामुळे समजलं. मोतीरामने मान हलवली. चूक ती चूक, एवढं त्याला मान्य होतं.

"अन् याईचा बाप कोनता?" त्याने विचारलं.

तिने सांगितलं की यांना बाप नसतो. एकच शिंपला माय, तोच बाप. दुसऱ्याची गरजच पडत नाही.

मोतीराम बराच वेळ बशीकडे पाहत राहिला. पाटातलं पाणी आळं भरून बाहेर वाहायला लागलं तरी त्याचं लक्ष नव्हतं, आणि हे त्याच्या हयातीत कधी झालं नव्हतं.

"बरं हाये मंग," तो म्हणाला. "बापाच्या हातून चुका तं होत नाईत."

"याईले बाप लागत नाई," वत्सला म्हणाली. "मले लागते. मी तुमाले लय वंगाळ बोलली, बाबा. उद्या मी नागपूरले चालली. तुमी या फॅक्टरीत."

मोतीरामने बशी तिच्या हातात परत दिली, वाकून फावड्याने पाणी पुढच्या झाडाकडे वळवलं आणि तिच्याकडे न बघताच विचारलं, "बरणीले हात लावू?"

"लावा," वत्सला म्हणाली.